जीर्णखूण

हेमलताबाई पोतदारांना आपल्या लेकीच्या कामातलं एवढंच कळत होतं, की ती सशांना सुई टोचते आणि सशांच्या रक्तातून माणसांचं भविष्य काढते. गल्लीत कुणी विचारलं की त्या तसंच सांगायच्या आणि वर पुस्ती जोडायच्या, "पण माझ्या हातचं पोटात गेल्याशिवाय तिला काही सुचत नाही बघा."

हे मात्र खरं होतं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. दवाखाने आले की पेशंटचे नातेवाईक आले आणि नातेवाईक आले की त्यांची पोटं आली. नवरा गेल्यावर हेमलताबाईंनी त्या पोटांना वर्षानुवर्षं डबे पुरवले आणि त्यावर दोन मुलं वाढवली. आता खानावळ बंद झाली होती. एकच डबा उरला होता, केतकीचा. तो सकाळी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिच्या प्रयोगशाळेत जायचा आणि संध्याकाळी आमटीचे ओघळ वाळलेला, तसाच खरकटा परत यायचा.

"एवढी मोठी शास्त्रज्ञ तू, डबा विसळायला पाणी नाही होय गं तुमच्याकडं?" हेमलताबाई रोज विचारायच्या. केतकी चाळिशी ओलांडलेली, परदेशात व्याख्यानं देऊन आलेली बाई, पण या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी.

केतकीने जे शोधलं होतं ते समजायला फार शिकावं लागत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा माणसाच्या उंचीहून लांब धागा कोंबलेला असतो. त्याचा गुंता होऊ नये म्हणून निसर्गाने रिळं केली आहेत. ज्या प्रथिनांची ही रिळं बनतात त्यांना हिस्टोन म्हणतात. रिळातून बारीक शेपट्या बाहेर आलेल्या असतात आणि त्या शेपट्यांवर शरीर सतत रासायनिक खुणा चिकटवत आणि काढत असतं. कुठली खूण कुठे बसली यावर धाग्याचा कुठला भाग उलगडायचा आणि कुठला मिटून ठेवायचा ते ठरतं. केतकीला यातली एक नवीच खूण सापडली होती. मूत्रपिंड आतून झिजायला लागलं, की बाकीच्या सगळ्या तपासण्या चोख येत असतानाच ही खूण रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बसते, अगदी चार-पाच वर्षं आधी. तिने तिचं नाव ठेवलं जीर्णखूण.

पण खूण असते हे कळणं वेगळं आणि थेंबभर रक्तात ती हुडकणं वेगळं. त्यासाठी ससे. ती खूण असलेला शेपटीचा तुकडा केतकीने कृत्रिमरीत्या बनवला आणि सशांना टोचला. परकी वस्तू अंगात शिरली की शरीर तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि चांगलं प्रतिपिंड म्हणजे एकाच कुलपाला लागणारी किल्ली. त्यांतलं उत्तम ते निवडून तिने त्याची पट्टी बनवली. रक्तात जीर्णखूण असली की पट्टीवरचा ठिपका काळा पडतो. नसली तर कोराच राहतो.

पुढे जे व्हायचं ते झालं. जिवंत माणसाचं मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवायचं तर दात्याची ही चाचणी हवीच, असा कायदा आला. मोडकं यंत्र एकाचं काढून दुसऱ्याला कशाला बसवायचं? विमेवाले धावले. त्यांच्यामागून लग्न जमवणारे धावले, आणि स्थळांच्या माहितीत पत्रिकेच्या खाली 'जीर्णखूण नाही' अशी ओळ छापून येऊ लागली. कायदा करणाऱ्या समितीपुढे केतकीने स्वतः साक्ष दिली होती. ही खूण एकदा बसली की पुसत नाही, तेव्हा फेरतपासणीची सोय ठेवू नका, ठेवलीत तर पैसे चारून निकाल फिरवणाऱ्यांचं फावेल, असं तिने बजावलं होतं. समितीला ते पटलं. एकदा नापास तो कायमचा नापास.

समितीने एकच शंका काढली होती. उपाशी माणसाचं रक्त बदलतं, त्याचा चाचणीवर परिणाम होतो का? केतकीने त्याचीही व्यवस्था केली. महाशिवरात्रीला प्रयोगशाळेतल्या आणि आसपासच्या कारखान्यांतल्या, कडक उपवास करणाऱ्या साठेक माणसांचं रक्त संध्याकाळी घेतलं. सगळे ठिपके कोरे. 'उपवासाचा चाचणीवर परिणाम होत नाही', अहवालात वाक्य गेलं आणि परदेशी परीक्षकांनी त्यावर मान डोलावली. त्या दिवशी उपाहारगृहात साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बटाट्याचे वेफर होते, हे त्या परीक्षकांना कोण सांगणार? आपल्याकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. केतकीला ते अहवालात लिहिण्यासारखं वाटलंच नाही. तिने जन्मभर आईचे उपवास पाहिले होते आणि ते असेच होते.

मग तिच्या भावाची मूत्रपिंडं गेली.

मल्हार तिच्याहून पाच वर्षांनी धाकटा. विजेच्या रिक्षांच्या बॅटऱ्यांचं दुकान, हसरं तोंड, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरातल्या एका खोलीत डायलिसिसचं यंत्र आलं आणि आठवड्यातले निम्मे दिवस तो त्याला बांधलेला राहू लागला. बायकोला, मेघनाला, मधुमेह, त्यामुळे ती बाद. आईचा रक्तगट जुळला, ऊतीही जुळल्या. हेमलताबाई पासष्टीच्या, पण डबे वाहून काटक राहिलेल्या. एक-एक करत सगळ्या तपासण्या पार पडल्या आणि शेवटी जीर्णखूण तेवढी उरली. दवाखान्यातल्या परिचारिकेने विचारलं, "आजी, उपाशीपोटी आहात ना?" हेमलताबाई म्हणाल्या, "हो." परिचारिकेला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. मुजावरांचा केतकीला फोन आला. मिरजेतला नावाजलेला माणूस, पण आवाज खाली गेलेला. "मॅडम, तुमच्याच पट्टीचा निकाल तुम्हाला सांगायची वेळ आली. आईंचा ठिपका काळा आलाय."

केतकीने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा हेमलताबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी पातेल्यातला थोडा भात वाटीत काढून घेतला आणि तिथेच, उभ्याउभ्या, कोरडाच खाऊ लागल्या.

"हे काय आई, बसून तरी खा."

"उपास सोडतेय. ज्यासाठी धरला तेच झालं नाही, आता ठेवून काय करू?"

"कसला उपास?"

"शनिवारी सकाळपासून नुसत्या पाण्यावर होते की, आज चौथा दिवस. डोंगरावरच्या दंडोबाला नवस बोलले होते, पोराला माझं उपयोगी पडू दे, खूण निघू नये म्हणून."

"पाण्यावर म्हणजे? खिचडी खाल्ली असशील."

"खिचडी खाल्ली तर तो उपास होय? तो तुमच्या लॅबातला." हेमलताबाईंनी वाटी खाली ठेवली. "तुला सांगितलं नाही. हसली असतीस."

केतकी हसली असती, यात शंका नाही. आता मात्र जे अहवालात कधीच नव्हतं ते तिला एकदम दिसलं. खरंच काही न खाता दोन-तीन दिवस गेले की शरीर चरबी जाळू लागतं. त्यातून जी द्रव्यं रक्तात उतरतात, त्यांचेही अंश हिस्टोनच्या शेपटीवर जाऊन बसतात. ती भुकेची खूण. पोटात अन्न पडलं की काही दिवसांत पुसून जाते. तिची आणि जीर्णखुणेची जागा तीच आणि घडणही जवळपास तीच, चार अणूंचा काय तो फरक. साबुदाणा खाणाऱ्याच्या अंगात ती तयारच होत नाही, कारण साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, तो खाणारं शरीर उपाशी नसतंच.

ती तशीच प्रयोगशाळेत परत गेली. एका पट्टीवर तिने दोन ठिपके घातले, एक जीर्णखुणेचा आणि एक भुकेच्या खुणेचा, आणि त्यांवर आपलं जगप्रसिद्ध प्रतिपिंड सोडलं. कित्येक वर्षांपूर्वी करायला हवा होता तो साधा प्रयोग, अर्ध्या दिवसाचा. दोन्ही ठिपके काळे झाले. किल्ली दोन्ही कुलपांना लागत होती.

मग आईच्या नमुन्यातली खूण तिने अणू मोजून तपासली, ती भुकेचीच निघाली. आई निरोगी होती. तिला मूत्रपिंड देता येत होतं आणि मल्हार वाचत होता. त्यासाठी केतकीने फक्त बोलायचं होतं.

तिने डॉ. मुजावरांना फोन लावला. बोलायचंच असं ठरवून लावला, एवढं तिच्या बाजूने म्हणायला हवं. पण तिने तोंड उघडण्याआधी डॉक्टरच बोलू लागले. "बरं झालं तुम्ही फोन केलात. आईंना माझ्याकडून सांगा, मनाला लावून घेऊ नका. मागच्या साली एक शाळामास्तर आले होते, मुलीला द्यायला. तपासणीआधी दोन-तीन दिवस अन्नपाणी सोडलं होतं बिचाऱ्यांनी. ठिपका काळा. मी परत पाठवलं. मुलगी गेली. पण मी मास्तरांना म्हटलं, निदान तुमचं मोडकं मूत्रपिंड बसवून तिला दोनदा मारलं नाही. त्यावरच तो माणूस उभा आहे, मॅडम. तुमच्या पट्टीवर माझा देवाइतका विश्वास आहे."

असे किती मास्तर असतील? ज्याच्या घरात जीव टांगणीला लागलेला असतो तोच अन्न सोडतो. म्हणजे जो सर्वांत जास्त माया करणारा, तोच नापास होत आला होता.

"तुम्ही काही सांगणार होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. भावाची चौकशी करायची होती."

"त्याला वेळ फार नाही. रक्तवाहिन्या साथ देत नाहीयेत त्याच्या. आता तुम्हीच उरलात, मॅडम."

झाकली मूठ सव्वा लाखाची असते आणि केतकीची त्याहून कितीतरी जास्त किमतीची होती. परदेशातली मंजुरी दीड-दोन महिन्यांवर आली होती. ती मिळाली की जगभर तिची पट्टी जाणार होती. तिने स्वतःशी हिशेब मांडला तो असा: मंजुरी येऊ दे. मग मी प्रतिपिंड सुधारून घेते, सुधारित पट्टी म्हणून बाजारात आणते; नवी पट्टी म्हणजे फेरतपासणी नव्हे, आईची चाचणी तिच्यावर करवते. मल्हार तोवर निघेल, यंत्र आहे, दवाखाना उशाशी आहे. कुणाचं काही बिघडणार नाही. शिकलेल्या माणसाची हीच खोड, भ्याडपणालासुद्धा वेळापत्रक करून देतो.

राहिला प्रश्न तिच्या स्वतःच्या मूत्रपिंडाचा. ते दिलं असतं तर मूठही झाकलेली राहिली असती आणि भाऊही वाचला असता. पण शस्त्रक्रिया, मग महिनोन्महिने विश्रांती, मंजुरीच्या बैठकीत तिच्या जागी दुसराच कुणी उभा. आणि खरं सांगायचं तर तिला सुरीची भीती वाटत होती. सशांना टोचणारा हात आपोआप जाऊन स्वतःची कंबर झाकू लागायचा.

त्या रविवारी ती मल्हारच्या खोलीत बसली होती. यंत्र घरघरत होतं. "ताई," तो म्हणाला, "मुजावर काय म्हणाले ते मेघनानं सांगितलं. तुला नको वाटत असेल तर तसं सांग. मी मनात काही ठेवणार नाही."

"वेडा आहेस का तू? देणार म्हणजे देणार."

"बघ की. तुझं आयुष्य पडलंय पुढं."

"आणि तुझं काय मागं पडलंय?" ती म्हणाली. मल्हारचे डोळे भरून आले. दारात उभ्या हेमलताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या क्षणी केतकीला स्वतःविषयी फार बरं वाटलं, आणि तेवढ्यातच आपण काय करणार आहोत हेही तिला लख्ख कळलं. 'नाही' म्हणायला तोंड लागतं. काळ्या ठिपक्याला ते लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तिने जेवण सोडलं. ज्या बाईने आईच्या प्रत्येक चतुर्थीची थट्टा केली होती, तिने असा उपवास धरला की दंडोबानेही मान खाली घालावी. सकाळी आईच्या हातून डबा घ्यायची. वसाहतीच्या फाटकापाशी कुत्री होती, त्यांना पोळीभाजी घालायची, आणि दुपारी नळाखाली डबा घासून लख्ख करायची, कारण कुत्र्यांनी चाटलेला डबा आईच्या हातात द्यायला तिचं मन धजेना. घरी आल्यावर 'कामावरच उशिरा खाल्लं' म्हणून रात्रीचं ताट चुकवायची. पहिल्या दिवशी डोकं ठणकलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरले आणि चिडचिड झाली. तिसऱ्या दिवशी तोंडाला गोडसर, कुजलेल्या फळासारखा वास येऊ लागला. म्हणजे चरबी जळत होती. तिला हायसं वाटलं.

"उपाशीपोटी आहात ना, मॅडम?" परिचारिकेने विचारलं.

"हो," केतकी म्हणाली.

ठिपका काळा आला. डॉ. मुजावरांनी घरी येऊन सांगितलं, फोनवर सांगायचं त्यांना जमलं नाही. मेघना भिंतीला टेकून खाली बसली. हेमलताबाई मात्र केतकीकडे बघत राहिल्या आणि बघता बघता म्हाताऱ्या झाल्या.

"माझ्याकडनंच आलं," त्या म्हणाल्या. "माझंच रक्त नासकं. एकाला काही देता आलं नाही, आणि दुसरीला हे दिलं."

"तसं नसतं, आई." केतकीने इतकंच म्हटलं. पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात मल्हारने यंत्राच्या नळ्यांतून हात लांब करून तिचा हात धरला. "माझं सोड," तो म्हणाला. "तू आता स्वतःला जप, ताई. खारट कमी खा. पाणी पीत जा." त्यानंतर ते वाक्य बोलणं केतकीला कधीच शक्य झालं नाही.

मल्हार गेला तेव्हा मंजुरी यायला आठ दिवस होते. नळीच्या जागेतून जंतू रक्तात शिरले आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मंजुरी आली ती सुतकात. जगभरातून अभिनंदनाचे संदेश आले, आणि भाऊ गेल्याचं कळताच त्याच लोकांचे सांत्वनाचे. काहींनी दोन्ही एकाच संदेशात उरकलं. आता तोंड उघडून कुठे मल्हार परत येणार आहे, असं केतकीने स्वतःला समजावलं. सुधारित पट्टीचं काम तिने खरोखर हाती घेतलं, पण सावकाश, गाजावाजा न करता. दरम्यान जुन्या पट्ट्यांची खोकी कुपवाडहून रोज निघत होती, आणि कुठेकुठे कुणाकुणाच्या आया, बाप, बहिणी तपासणीआधी अन्न सोडून बसत होत्या.

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे पांगले. मेघना तिच्या खोलीत पडली होती. हेमलताबाई स्वयंपाकघरात भांडी पुसून मांडत होत्या. केतकी पाणी प्यायला आत आली तेव्हा त्यांनी फडताळातून तिचा डबा काढून ओट्यावर ठेवला.

"उद्या जाणार ना कामाला? डबा देते."

"नको आई, तू दमलीस. बाहेर खाईन मी."

"खाशील होय?" हेमलताबाईंनी डब्याचं झाकण काढून परत लावलं. "एक विचारू? तपासणीआधीचे ते तीन दिवस तू जेवली नव्हतीस नव्हं?"

केतकीच्या भांड्यातलं पाणी फरशीवर सांडलं.

"जन्मात तू कधी डबा विसळून आणला नाहीस. ते तीन दिवस घासून आणलास. इतकी वर्षं लोकांचे डबे उघडतेय मी. उपाशी माणसाच्या तोंडाचा वासही मला ठाऊक आहे, माझ्याच तोंडाला होता तो." त्यांनी पुढे होऊन केतकीच्या गालावरून हात फिरवला. हाताला अजून तुपाचा वास होता. "मी तुझ्यापासून चोरून धरला, तू माझ्यापासून चोरून धरलास. देवधर्म न मानणारी माझी पोर, भावासाठी तीन दिवस पाण्यावर राहिली. आज सगळ्यांना सांगितलं मी. डॉक्टरांनाही सांगणार आहे."

"डॉक्टरांना नको."

"लाजायचं काय त्यात? पण बघ, देवानं माझं ऐकलं नाही. आणि तुझंही ऐकलं नाही."

घरात एवढे नवस झाले होते, त्यांतला एकच देवाला पोचला होता, आणि तो तिचा होता.

"मी काय म्हणते," हेमलताबाई म्हणाल्या, "सोमवारपासून परत धरते. या वेळी तुझ्यासाठी. तुझी ती खूण जाईपर्यंत अन्नाला शिवायची नाही मी. एक गेला. आता तुला नाही जाऊ द्यायची."

त्या काटक होत्या, पण गेल्या दोन महिन्यांत हाडांवर कातडं तेवढं उरलं होतं. सोमवारपासून कितीक दिवस निघाले असते, हे केतकीला कुठल्याही डॉक्टरपेक्षा नेमकं सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मला काही झालेलं नाही, आई. तुलाही काही झालेलं नाही. पण त्या वाक्यामागून दुसरं आलं असतं, आणि दुसऱ्यामागून मल्हार.

तिने सांडलेलं पाणी पायपुसण्याने पुसलं. डबा उचलून परत फडताळात ठेवला.

"निदान चहा तरी घेत जा," ती म्हणाली.